भुकटीची तार आणि रथाचा आस

ताडकळस
१२ जानेवारी १९९४

चि. विरुपाक्षास मामाचा आशीर्वाद.

माझा हात कापत न्हाई. कुणी तसं सांगितलं असंल तर त्याला म्हणावं, येऊन बघ. हात कापणारा मानूस सोताची दाढी सोता करतो का? मी करतो. गालाला कापलंय ते पातं जुनं होतं म्हणून. वेल्डिंगची मशीन मागितली ती दुकानात नव्या जमान्याचं कायतरी असावं म्हणून मागितली, हातासाठी न्हवं. हे एकदा ध्यानात ठेव अन् सोड.

मशीन काल पूर्ण्याच्या टेशनातून सोडवून आणली. खोक्यावर तू ‘नाजूक’ लिवलं होतं म्हणं. हमाल त्याच्यावरच बसून बिडी वडत होता. मशीन बारकी हाय, शेळीएवढी. एवढ्याशा पेटीत काय दम असनार?

चालू करून बघितली. बंदुकीचा खटका दाबला की तोंडातून तार निघती, शेवया निघाव्या तशी. मधीच अडती, मग एकदम हातभर बाहेर पडती. मागं एक नळी लोंबायलीय. तिला टाकी लावायची असती म्हणं गॅसची. टाकी कुठंय? का गोबरगॅस लावू? पत्र्याला एक जोड मारला तर त्याला भोकंच भोकं, पाखरांनी दाणं टिपल्यावानी. ठिणग्या एवढ्या उडाल्या की तुझ्या मामीचं वाळत घातलेलं लुगडं गेलं. ती आता दोन दिवस बोलनार न्हाई, तेवढाच फायदा.

काय मोडलंय ते लिव. पानभर लिवू नको.

शिवाप्पा

—

पिंपरी
१७ जानेवारी १९९४

ती. मामांस, शरणार्थ.

तुमच्या हाताचं मी काही विचारलंच नव्हतं. आईनंही नाही. पण तुम्ही लिहिलंत, म्हणून आता ती विचारायलीय की शिवाप्पाच्या हाताला काय झालं.

मशीन मोडलेली नाही. आमच्या मालकानं परदेशातून आलेल्या जुन्या सामानात घेतली होती, वापरलेली आहे, पण मी इथं गॅसवर चालवून मगच पाठवली. टाकी लागतच नाही. रिळावरची तार पोकळ आहे, तिच्या पोटात भुकटी भरलेली आहे. तुमच्या रॉडला मसाला बाहेरून असतो, हिला आतून. तो जळून जो धूर होतो तोच गॅसचं काम करतो. म्हणून ही वाऱ्यातसुद्धा चालते. मशीन मूळची गॅसवाली, तिला या तारेजोगी करून घ्यायची, एवढंच काम आहे.

आधी प्लग काढा. तुम्ही काढणार नाही हे माहीत आहे, तरी लिहितो. बाजूचा पत्रा उघडा. तार ज्या दोन चाकांमधून जाते त्यातलं खालचं चाक काढून, खोक्यात जी पिशवी ठेवलीय तिच्यातलं दातेरी चाक बसवा. गुळगुळीत चाकावर पोकळ तार घसरते, आणि दाबाचा स्क्रू जास्त आवळला तर चपटी होऊन आत अडकते. दाब इतकाच ठेवा की पुढं तार हातमोज्यानं धरली तर चाक तिच्यावरून घसरावं. मग बंदुकीची केबल सरळ ताणून आतली नळी हवेनं फुंकून काढा. तोंडाशी तांब्याचा बारका तुकडा आहे, त्याचं भोक झिजलं असेल तर नवा लावा, तोही पिशवीत आहे. त्याच्यावरची पितळी टोपी गॅससाठी असते, ती काढली तर जोड नीट दिसेल.

आणि सगळ्यात मुख्य. त्याच पत्र्याच्या आत दोन नट आहेत, एकावर अधिकची खूण, एकावर उण्याची. आत्ता बंदुकीची तार अधिकवर आहे आणि जमिनीच्या चिमट्याची उण्यावर. या भुकटीच्या तारेला बरोबर उलटं लागतं. अदलाबदल करा. याशिवाय भोकं जाणार नाहीत.

ही मशीन पाव इंचाच्या वरच्या लोखंडाला लावू नका. पत्रा, पाइप, खुर्च्या, खिडक्या, बस.

पानभरच झालं. माफ करा.

तुमचा विरुपाक्ष

—

ताडकळस
२९ जानेवारी १९९४

चि. विरुपाक्ष,

तुझं पत्र काल आलं. विद्यापीठाचं नामांतर झालं तवापसून गडबड हाय, बसा बंद होत्या, डाक कुठं अडकली कुणाला ठाव. पोष्टमन म्हणतो, पत्र आलं ह्यातच समाधान माना.

प्लग काढला. तुझ्यासाठी. दातेरी चाक बसवलं. नळी फुंकली तर आतून झुरळ निघालं, पुण्याचंच असनार, इथलं एवढं माजलेलं नसतंय. तार आता नीट येती. पर ते दोन नट मी काय खोलले न्हाईत. तीस वर्षं मशीन चालवायलोय, चिमटा हिकडं लावा का तिकडं लावा, रॉडला कधी काडीचा फरक पडला न्हाई. तुमी शिकलेले लोक खामखा येक नट जास्त खोलायला सांगता. ठिणग्या अजून उडायल्यात, तेवढं दुसरं कायतरी सांग.

दुसरी गोष्ट. आपल्या महादेवाच्या जत्रेचा कारभारी बन्सीधर आला होता. शिवरात्रीला रथ वढायचा, अन् पुढल्या चाकाच्या आसाला तडा गेलाय, गळ्यापाशी. चांगला अडीच इंची आस. नवा टाकता येत न्हाई. बन्सीधरच्या आज्यानं निजामाच्या टायमाला दिलेला, अन् देवाला दिलेलं लोखंड बदलायचं न्हाई, जोडायचं, असा इथला रिवाज. अन् जो जोडंल त्यानं रथाच्या दिशी अनवाणी त्या चाकाला लागून चालायचं. जोडात खोट असली तर आधी तोच चाकाखाली जाईल, म्हणून. इतकी वर्षं मीच चालतो.

बन्सीधर खाली बघत म्हणला, “शिवाप्पा, औंदा पेडगावच्या भुजंगाला बोलवायचं का? तुमाला तकलीफ नको.”

मी म्हणलं, “तकलीफ तुला असंल. भुजंगाला रॉड कोणत्या टोकाला धरायचा ते मी दाखवलंय.”

सहा वर्षं माझ्या हाताखाली शिकला अन् सहा वर्षं झाली त्याचं तोंड बघितलं न्हाई. बघायचं बी न्हाई. आस मीच करनार. रॉडनं.

शिवाप्पा

—

पिंपरी
४ फेब्रुवारी १९९४

ती. मामांस, शरणार्थ.

ते दोन नट खोला.

तुमची जुनी मशीन घरातल्या लाइटच्या करंटवर चालते. तो करंट सेकंदाला पन्नास वेळा उलटासुलटा होतो. म्हणून चिमटा कुठंही लावला तरी तुम्हाला सारखंच. ही छोटी मशीन बॅटरीसारखी आहे, तिचा करंट एकाच दिशेनं जातो. ट्रॅक्टरची बॅटरी उलटी जोडून बघा, मालक तुम्हाला काय म्हणतो. चूक तुमची नाही, तीस वर्षांत तुम्हाला अशी मशीनच भेटली नाही. दहा मिनिटांचं काम आहे. आणि विहिरीवरच्या मोटारी बंद असताना चालवा, होल्टेज पडलं की ही रुसते.

आस रॉडनं करणार म्हणता ते बरं. खाच पाडून, तापवून, थरावर थर, हे मी तुम्हाला काय सांगणार? सुट्टीत तुमच्या दुकानात बसूनच तर हे बघितलं, म्हणून आज इकडे कारखान्यात जोड तपासून पोट भरतोय.

आई विचारते, दाढीला न्हावी का नाही बोलवत.

विरुपाक्ष

—

ताडकळस
१५ फेब्रुवारी १९९४

चि. विरुपाक्ष,

नट फिरवले. तुझं खरं निघालं, आता नाचू नको. ठिणग्या बसल्या. आवाज कसा, कढईत भजी सोडल्यावानी. वरचा गाळ हातोडी लावताच निघून पडतो अन् खाली जोड चकचकीत. दोन खुर्च्या केल्या, येक खिडकी, कडूबाईच्या घरचा झोपाळा. कडूबाई म्हणली, “शिवाप्पा, हे तुमी केलं?” मी म्हणलं, “न्हाई, तुझ्या बानं केलं.”

आस बी झाला. रॉडनं. बन्सीधर बघून खूश. जोड असा की बोट फिरवलं तर कपड्याची शिलाई वाटावी. आता शिवरात्रीपसवर कुणी मला भुजंगाचं नाव सांगायचं न्हाई.

तार संपली. दुसरं रीळ धाड.

शिवाप्पा

—

ताडकळस
१९ फेब्रुवारी १९९४

चि. विरुपाक्षास मामीचा आशीर्वाद.

हे पत्र मी शेजारच्या सुमनबाई मास्तरणीकडून लिहून घ्यायलेय. तुझ्या मामाला कळू देऊ नको. सुमनबाई म्हणतात, सांगाल तेच लिहिते, माझं काही घालत नाही.

त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून सारखाच हलतो. चहा बशीत पडतो, मग म्हणतात, बशी वाकडी हाय. आस त्यांनी रॉडनं केला नाही. आधी चार दिवस रॉडनंच बघितलं. टेकवला की चिकटायचा, उपटायचे, परत चिकटायचा. मी दारातून बघत होते. त्यांनी मला बघितलं आणि दार लोटलं. मग तुझी ती बंदूक घेतली. ती दोन हातांनी धरता येते, कोपर गुडघ्यावर टेकवून. तार आपली आपण येते. तिनंच आस केला. बाहेर आले तेव्हा चेहरा लहान लेकरासारखा झाला होता.

भुजंगाला का हाकललं ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्यानं गिऱ्हाइकापुढं म्हटलं, “उस्ताद, हात हलायलाय, द्या इकडं.” तेव्हा कधीमधी हलायचा. चांगल्या मनानं म्हणाला बिचारा. पण गिऱ्हाइकापुढं म्हणाला.

मला जोडातलं काही कळत नाही. पण आस बसवल्यापासून ते रोज देवळाकडं जातात आणि रथाखाली वाकून बघतात. संसारात इतकी वर्षं झाली, चांगलं झालेलं काम हे परत वळून बघत नाहीत. म्हणून जीव खालीवर व्हायलाय.

चन्नबसम्मा

—

पिंपरी
२३ फेब्रुवारी १९९४

ती. मामांस, शरणार्थ.

रीळ पाठवत नाही.

एका रिळात किती तार असते ते मला माहीत आहे. दोन खुर्च्या, एक खिडकी आणि झोपाळा यांत ते अर्धंसुद्धा संपत नाही. आणि रॉडचा जोड शिलाईसारखा दिसत नाही मामा, तुमचासुद्धा नाही. आस तुम्ही या मशीननं केलाय.

एवढ्या जाड लोखंडाला आतपर्यंत वितळवायचा दम तिच्यात नाही. तार वरच्यावर पसरते, देखणी दिसते, आणि आत काहीच धरत नाही. मी इथं रोज असे देखणे जोड हातोड्यानं मोडतो. नट उलटे करून माझं म्हणणं खरं निघालं, म्हणून तुमचा मशीनवर जास्तच भरवसा बसला असेल, तर त्यात माझाही हात आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुकानामागं ट्रॉलीचा मोडका आस पडलेला असायचा, अजून असेल. त्याचे दोन तुकडे करा, उरल्यासुरल्या तारेनं रथाला केला तसाच जोड करा, वाइसच्या जबड्यात आवळा आणि घण घाला. टिकला तर मी रजा काढून येतो आणि तुमच्या जागी मी चाकाला लागून चालतो.

तुम्ही म्हणाल, मोडला तर आधी मी जाईन. पण दोर ओढणारी शंभर-दीडशे माणसं रथाच्या पुढं असतात. उतारावर त्यांच्या मागं काय येतं, ते तुम्हाला माहीत आहे.

बन्सीधरकाकांच्या नावानं पत्र लिहून पाकीट बंद केलंय. पाच तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर टाकणार. चिडाल. चिडा.

विरुपाक्ष

—

ताडकळस
२८ फेब्रुवारी १९९४

विरुपाक्ष,

धमकी कुणाला द्यायलास? तुझ्या आईला मी कडेवर घेऊन फिरवलंय. टाक तुझं पत्र. दोन टाक.

ट्रॉलीचा आस कापला. रिळाच्या बुडाशी चार हात तार निघाली, ती बी संपवली. वाइसात आवळला. पहिल्या घणाला काय झालं न्हाई. मी म्हणलं, बघा. दुसऱ्या घणाला तुकडा उडून भिंतीला गेला. उचलून बघितला. आत करवतीच्या रेघा तशाच्या तशा, जशा मी कापल्या होत्या. लोखंड इतळलंच न्हवतं. तार वर नुसती बसली होती, दुधावर साय बसती तशी.

मग रॉड घेतला. दोनदा घेतला. किती टायम गेला ते लिवत न्हाई.

शिवरात्रीला धा दिवस हायत. परभनीची आठची बस हाय, तिथून पेडगाव. हे पत्र वाटंतच पेटीत टाकतो. तुझं टाकू नको.

शिवाप्पा

—

पिंपरी
६ मार्च १९९४

ती. मामांस, शरणार्थ.

कार्डच लिहितो. पाकीट फाडून टाकलं. भुजंग आला का? आस परत जोडला का? रजा मिळत नाही, जीव इकडं लागत नाही. आई रोज पोस्टमनच्या वाटेकडं बघते. आणि लोकांना काय सांगणार आहात? जत्रा झाली की सगळं लिहा.

विरुपाक्ष

—

ताडकळस
१३ मार्च १९९४

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

सगळं लिव म्हणतो. घे.

पेडगावला गेलो तवा भुजंग नांगराचा फाळ जोडत होता. मला बघितलं, उठला न्हाई. जोड पुरा केला, गाळ झाडला, मग तोंडापुढली काच वर केली.

“या उस्ताद. काय मोडलं?”

“रथाचा आस.”

“तो तर तुमी जोडला म्हणं. बन्सीधर गावभर सांगायलाय.”

“जोडला. चुकला.”

“कुणी म्हणलं चुकला?”

“घणानं.”

तो हसला. मला वाटलं आता बोलंल सहा वर्षांचं साचलेलं. तर म्हणला, “पाणी प्या.” पाणी पेलो. तांब्या हलला, त्यानं बघितलं, मी बी बघितलं की त्यानं बघितलं. मग त्यानं येकच अट घातली. “जोड मी करतो. पर मी केला असं चारचौघांत सांगायचं. तुमच्या नावानं करनार न्हाई. पहिली सहा वर्षं तुमच्याच नावानं करत होतो.”

मी म्हणलं, “मी मुका न्हाई.”

दुसऱ्या दिशी आला. रथ ठोकळ्यावर घेतला, आस काढला. माझा जोड त्यानं कापला न्हाई. करवत माझ्यापुढं ठेवली अन् भाईर जाऊन तंबाखू मळत बसला. मीच कापला. लय टायम लागला. मग त्यानं दोन्ही बाजूंनी खोल खाच पाडली, कोळशावर आस तापवला, रॉड उन्हात अन् मग तव्यावर वाळवले, थरावर थर भरत गेला. मी स्टुलावर बसलो होतो. “गाळ काढ. कोपऱ्यात राहिलाय. अजून राहिलाय.” चवथ्या थराला त्यानं काच वर केली अन् इचारलं, “उस्ताद, आस जास्त तापलाय का तुमी?” तुझी मामी दारात होती, पदर तोंडाला लावून हसली. मग आस राखेत पुरून दीड दिवस ठेवला, हळूहळू गार व्हावा म्हणून. काढून हातोडी मारली तर देवळातल्या घंटेवानी वाजला. येकदा त्यानं मारली, येकदा मी.

शिवरात्रीला मंडपात बन्सीधरनं नारळ हातात घेऊन दरसालासारखं माझं नाव पुकारलं. मी उठलो. बोललो. बसलो. मग भुजंगानं चपला काढल्या.

रथ वेशीपसवर गेला अन् माघारी आला. उतारावर लोकांनी दोर लय वढला, चाक दगडावरून उडालं, माझा जीव उडाला. आसाला काय झालं न्हाई. भुजंग चाकाला लागून चालला, मी लोकांत उभा होतो. लोकांतून रथ येवढा उंच दिसतो, मला ठाव न्हवतं. इतकी वर्षं मी नुसतं चाकच बघत आलो.

तुझी मशीन दुकानात हाय. पत्रा अन् पाइप तिनं करतो. जाड लोखंड आलं की पेडगावला धाडतो. रीळ धाड आता, खरंच धाड. तारंला पिशवीत चुन्याचा खडा टाकून ठेवतो, दमट व्हायला नको. तुझ्या आईला सांग, दाढीला न्हावी येतो. आठवड्यातून दोनदा. बस झालं का?

मंडपात काय बोललो ते तू कार्डात इचारलंस तसं तुझी मामी बी इचारायलीय. ती बायकांत मागं बसली होती, ढोल वाजत होता, तिला ऐकू गेलं न्हाई. तिला सांगितलं न्हाई. बन्सीधरला इचारू नको, भुजंगाला बी पत्र घालू नको. जे सांगायचं ते येकदा सांगून झालं, ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. तुला सांगनार न्हाई.

शिवाप्पा